प्रेरणा मोजून घेताना : वास्तुरचनाकार आणि डिझाइनर यांच्यासाठी कामाची एक रीत

मुंबईत समुद्रावरचा वारा पश्चिमेकडून येतो आणि अरबी समुद्राचे दर्शनही त्याच बाजूने घडते. पण दुपारनंतरचे तापलेले ऊन आणि पावसाळ्यातील तिरपी झड यांची वाटही तीच असते. जुन्या बंगल्यांनी हा पेच राहत्या खोल्यांभोवती खोल व्हरांडा फिरवून सोडवला होता. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी कंबाला हिलवर १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या ‘कांचनजंगा’ या २८ मजली इमारतीत तोच व्हरांडा उंचावर नेला. सुमारे २१ मीटर चौरस आराखड्याच्या आणि ८४ मीटर उंचीच्या त्या मनोऱ्याच्या कोपऱ्यांत त्यांनी दोन मजली उंचीच्या बागा कोरल्या आणि राहत्या खोल्या त्या बागांच्या आड ठेवल्या. बंगल्याचे उतरते छप्पर, लाकडी कठडे, कौले यांपैकी काहीच त्या इमारतीवर दिसत नाही. बंगल्याचे रूप तिथे नाही, बंगल्यामागचे कारण मात्र पुरेपूर आहे.

प्रेरणा कुठे सापडते, असे विद्यार्थी आणि तरुण सहकारी वारंवार विचारतात, तेव्हा मी याच उदाहरणापासून सुरुवात करतो. प्रेरणा जुन्या वास्तूच्या, वस्तूच्या किंवा झाडाच्या दिसण्यात शोधली तर नक्कल हाती लागते. तीच वस्तू तशी का झाली याचे कारण शोधले तर आपल्या कामाला लावता येईल असे काहीतरी हाती लागते. हे कारण नुसते पाहून कळत नाही. ते मोजून, काढून, विचारून आणि पुन्हा पुन्हा जाऊन मिळवावे लागते. पुढील रीत त्या कामाची आहे.

प्रश्न ठरवून घराबाहेर पडा

‘काहीतरी पारंपरिक हवे’ हा प्रश्न नव्हे. ‘पुण्यात तिन्ही बाजूंनी शेजार असलेल्या घरात दुपारी दिवा न लावता वाचता येईल इतका उजेड कसा आणावा’ हा प्रश्न आहे. पाटी काढणाऱ्यासाठी ‘चालत्या बसमधून वाचता येईल अशी देवनागरी अक्षरे कशी असावीत’ हा प्रश्न आहे, तर वस्तू घडवणाऱ्यासाठी ‘ओल्या हातातून न निसटणारी मूठ कोणत्या घाटाची असावी’ हा. प्रश्न एका वाक्यात, वहीच्या पहिल्या पानावर लिहावा. प्रश्नाशिवाय गेलेल्या माणसाला वाड्यात फक्त नक्षी दिसते. उजेडाचा प्रश्न घेऊन गेलेल्याला वाड्याच्या मधल्या उघड्या चौकाची रुंदी आणि भोवतालच्या मजल्यांची उंची दिसू लागते.

एक ठिकाण निवडा आणि तिथे तीनदा जा

दहा ठिकाणी एकेकदा जाण्यापेक्षा एका ठिकाणी तीनदा गेलेले बरे. पहिल्या भेटीत डोळे दिपतात, दुसऱ्या भेटीत मोजमाप होते आणि तिसऱ्या भेटीत शंका पडतात. खरा उपयोग त्या शंकांचाच होतो.

पुण्यात राहणाऱ्यांनी बाजीराव रस्त्यापासून सुरुवात करावी. तिथे दुसऱ्या बाजीरावांनी १८०७ मध्ये बांधलेला विश्रामबागवाडा आहे. त्याचे सागवानी काम आणि सुरूच्या झाडाच्या घाटाचे खांब प्रसिद्ध आहेत. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. मला ते वस्तू घडवणाऱ्यांची शाळा वाटते, कारण तिथला भर राजेरजवाड्यांच्या ऐश्वर्यावर नसून अडकित्ते, दिवे, वज्र्या अशा रोजच्या वस्तूंवर आहे. अडकित्त्यांच्या कपाटासमोर उभे राहून प्रत्येकाची बिजागरी कुठे आहे आणि सुपारी तिच्या किती जवळ येते एवढेच पाहिले, तरी तरफेचा धडा पुन्हा शिकल्यासारखे होते : मोरा-पोपटांचे आकार कितीही बदलले तरी बिजागरी आणि पाते यांचे नाते बदलत नाही. पाय घासण्याच्या वज्रीची मूठ ओल्या पंज्यासाठीच घडवलेली असते. वर लिहिलेल्या मुठीच्या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर तिच्यात आहे.

अक्षरांचे काम करणाऱ्यांनी जुन्या ग्रंथालयांत जाऊन निर्णयसागर छापखान्याची पुस्तके हाताळावीत. जावजी दादाजी यांनी १८६४ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या, छपाईचे खिळे ओतणाऱ्या ओतशाळेतील त्या देवनागरीत काना, वेलांटी आणि जोडाक्षरे यांना किती जागा दिली आहे, हे भिंग लावून पाहण्यासारखे आहे. साताऱ्याजवळ लिंब येथील बारा मोटेची विहीर, कोकणातील आजोळचे घर, गोव्यातील शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या असलेली घरे, आपल्याच गल्लीतला जुना दवाखाना, यांपैकी काहीही चालेल. ते जवळ असावे आणि तिथे पुन्हा जाता यावे, ही अट मात्र सोडू नये.

खासगी वाड्यात जायचे असेल तर मालकांची आणि राहणाऱ्या भाडेकरूंचीही परवानगी घ्यावी, देवघर आणि माजघर यांच्याबाबत त्यांचा शब्द अखेरचा मानावा आणि काढलेल्या आराखड्याची एक प्रत त्यांना नेऊन द्यावी. माझ्या अनुभवात त्या एका प्रतीमुळे पुढच्या अनेक खोल्यांची दारे उघडली आहेत.

आधी मोजा, नंतर रेखाटा, फोटो शेवटी

लागणारे साहित्य थोडे आहे : पाच मीटरची आणि तीस मीटरची टेप, एक ओळंबा, होकायंत्र, जाड पुठ्ठ्याची वही, दोन मऊ पेन्सिली आणि टेपचे दुसरे टोक धरायला एक सोबती. मोबाइल खिशात ठेवावा. फोटो पहिल्या पाच मिनिटांत काढला की डोळे काम थांबवतात, असे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

मोजणी मोठ्यापासून लहानाकडे करावी. आधी चौकाच्या चारही बाजू घ्याव्यात आणि मग दोन्ही कर्ण, कारण कर्ण सारखे आले नाहीत तर चौक काटकोनात नाही हे तिथेच कळते. घरी आल्यावर कळले तर सगळा आराखडा वाकडा होतो. त्यानंतर जोत्याची उंची, पायऱ्यांची उंची आणि रुंदी, ओसरीची खोली, दोन खांबांमधील अंतर, तुळईची जाडी, कडीपाटातील, म्हणजे लाकडी छतातील, दोन कड्यांमधील अंतर, भिंतीची जाडी, कोनाड्याची खोली आणि त्याची जमिनीपासूनची उंची अशी मापे घ्यावीत. कोनाड्याची उंची क्षुल्लक वाटेल. पण दिवा उभ्याने ठेवायचा की बसून, हे त्या मापातूनच कळते.

इथे खणाकडे विशेष लक्ष द्यावे. आपल्याकडे घर किती खणांचे आहे यावरून त्याचा आकार सांगत. खण म्हणजे लाकडी सांगाड्याचा एक गाळा. मिळणाऱ्या लाकडाची लांबी आणि त्याला पेलणारे वजन यांवरून खणाचे माप ठरे आणि मग खोल्या, ओसरी, जिना सारे त्याच मापाच्या पटीत बसे. आजचे डिझाइनर छापील पानाची किंवा संगणकाच्या पडद्याची जाळी (ग्रिड) आखतात तेव्हा नेमके हेच करीत असतात. एकाच वाड्यातील सगळे खण सारखे आहेत का, दिवाणखान्याचा खण मोठा आहे का, असेल तर त्याची तुळई किती जाड झाली आहे, हे मोजून काढलेल्या माणसाला जाळी का आखायची आणि कधी मोडायची हे दुसऱ्या कोणी शिकवावे लागत नाही.

माझ्या हातून विद्यार्थिदशेत झालेली एक चूक इथे सांगितली पाहिजे. एका पेठेतील वाड्यात मी अख्खा दिवस एका कोरीव हस्ताचे, म्हणजे तुळईला आधार देणाऱ्या लाकडी टेकूचे, रेखाटन करण्यात घालवला. रेखाटन चांगले झाले. घरी आल्यावर मात्र लक्षात आले की त्या चौकात भर दुपारी जो शांत, पसरलेला उजेड होता, त्याचे गमक चौकाची रुंदी आणि भोवतालच्या मजल्यांची उंची यांच्या प्रमाणात होते आणि मी त्यांतले एकही माप घेतले नव्हते. काही महिन्यांनी परत गेलो तेव्हा वाडा उतरवला गेला होता. हस्ताचे चित्र अजून माझ्याकडे आहे. उजेडाचे प्रमाण कायमचे गेले. म्हणून आधी चौक मोजावा, नक्षी नंतर.

संरक्षित स्मारकांत भिंतींना टेप लावू नये. तिथे पावलांनी अंतर मोजावे, पायऱ्या मोजून उंचीचा अंदाज घ्यावा आणि सोबत्याला खांबाजवळ उभे करून त्याच्या उंचीच्या पटीत खांब रेखाटावा.

उन्हाचे गणित करा

एकाच जागी सकाळी, दुपारी आणि चार वाजता जाऊन जमिनीवर उन्हाची कड कुठे आहे ते आराखड्यावर आखावे. शक्य असेल तर हे डिसेंबरात आणि मेमध्ये, दोन्ही वेळा करावे. जमले नाही तर गणित मदतीला येते.

पुण्याचा अक्षांश सुमारे १८.५ अंश उत्तर आहे. सूर्य माथ्यावर येण्याची वेळ इथे घड्याळातील बाराला नसून साडेबारानंतर, सरासरीने १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास असते. त्या वेळी डिसेंबरच्या अयनदिनी (वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी) सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर, मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी (दिवस-रात्र समान असताना) सुमारे ७१.५ अंशांवर, तर जूनच्या अयनदिनी (सर्वांत मोठ्या दिवशी) जवळजवळ डोक्यावर, सुमारे ८५ अंशांवर, पण किंचित उत्तरेकडे कललेला असतो. याचा अर्थ असा की दक्षिणेच्या भिंतीवर एक मीटर पुढे आलेला छज्जा मार्चच्या मध्यान्ही भिंतीवर सुमारे तीन मीटर खोल सावली टाकतो आणि डिसेंबरात जेमतेम १.१ मीटर. उन्हाळ्याच्या तोंडावर ऊन बाहेर राहते, थंडीत ते खिडकीतून आत येते आणि त्यासाठी काहीही हलवावे लागत नाही. जमिनीपासून २.४ मीटर उंचीवर छपराची कड असलेल्या दक्षिणेच्या पडवीत डिसेंबरात ऊन कडेपासून सुमारे २.१५ मीटर आत सरकते. वृद्ध माणसे हिवाळ्यात कुठे बसत असतील, हे या एका आकड्यावरून आराखड्यात दाखवता येते.

पश्चिमेला मात्र हे गणित चालत नाही. संध्याकाळचा सूर्य इतका खाली येतो की छज्जा कितीही पुढे काढला तरी ऊन त्याच्या खालून आत शिरते. तिथे खोल व्हरांडा, झाड, उभी झडप किंवा कोरून काढलेली बाग लागते. कोरियांनी छज्ज्यांवर न भागवता दोन मजली बागा का घेतल्या, हे हे गणित केल्यावर अधिक नीट कळते.

‘का’ हा प्रश्न शेवटपर्यंत विचारा

रेखाटनाच्या प्रत्येक पानावर डाव्या बाजूला काय दिसले ते आणि उजव्या बाजूला ते तसे का असावे ते लिहावे. उजवी बाजू रिकामी राहिली तर ते पान अपुरे समजावे. मात्र प्रत्येक रूपामागे आज जिवंत असलेले कारण असतेच, असे धरून चालू नये. या गोष्टीचा सर्वांत स्पष्ट धडा लोणावळ्याजवळच्या मळवलीच्या दोन्ही अंगांना असलेल्या भाजे आणि कार्ले येथील लेण्यांत मिळतो आणि एका दिवसात दोन्ही पाहून होतात.

भाजे येथील चैत्यगृह, म्हणजे आत स्तूप असलेले बौद्ध प्रार्थनागृह, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील आहे. त्याचे साधे अष्टकोनी खांब आतल्या बाजूला झुकलेले आहेत. खडकात कोरलेल्या खांबाला झुकण्याची काहीच गरज नसते, कारण वरचे छत त्याच्यावर टेकलेले नसून त्याच खडकाचा भाग असते. झुकाव आला आहे तो लाकडी चैत्यगृहांतून, जिथे कमानदार छपराचा बाहेर ढकलणारा रेटा पेलण्यासाठी खांब आत कलते ठेवावे लागत. म्हणजे भाजे येथे लाकडाचे कारण मागे राहिले आणि त्याचे रूप दगडात उतरले. त्यानंतरच्या कार्ले येथील सुमारे ४५ मीटर लांब आणि १४ मीटर उंच चैत्यगृहात खांब सरळ उभे आहेत, त्यांना शीर्षे आली आहेत, शीर्षांवर हत्तींवर बसलेली युगुले आली आहेत. दगडाला दगडासारखे वागू देण्याचे धाडस तिथे झालेले दिसते. आणि तरीही छताला खऱ्या लाकडाच्या कमानदार फासळ्या बसवल्या आहेत, ज्यांचा छताला आधार म्हणून काही उपयोग नाही. त्या निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही. त्या फासळ्यांखाली उभे राहिले की नजर लयीत आत, स्तूपापर्यंत ओढली जाते. मूळचे कारण गेले तरी तिथे दुसरे कारण निर्माण झाले आहे. आपल्या आराखड्यात जुने रूप घेताना या तिन्ही शक्यता तपासाव्यात : कारण अजून जिवंत आहे, कारण गेले पण नवे सापडले, की दोन्ही नाहीत. तिसऱ्या वेळी ते रूप सोडून द्यावे, मग ते कितीही सुंदर असो.

‘पारंपरिक’ म्हणून जे डोळे झाकून घेतले जाते, त्याचे वयही तपासावे. मंगलोरी कौलांचा कारखाना बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळुरात १८६५ मध्ये सुरू केला. त्याआधी आपल्या घरांवर गवत किंवा कुंभाराच्या हातची नळीची कौले असत. मंगलोरी कौलांचे मोल यामुळे कमी होत नाही. उलट, नवी वस्तू उपयोगी ठरली की गावोगावचे सुतार आपला वासा आणि रीप तिच्या मापाला कसे जुळवून घेतात, हे त्यातून शिकता येते.

बांधणाऱ्यांना आणि राहणाऱ्यांना विचारा

बरीचशी कारणे भिंतीत नसतात, माणसांकडे असतात. सुतार, गवंडी, लोहार, विणकर यांना विचारताना ‘हे कसे करता’ याआधी ‘हे असे केले नाही तर काय होते’ असे विचारावे, कारण कारागिराचे ज्ञान बहुधा बिघडलेल्या कामांतून आलेले असते. कोकणात एका घरी मी विचारले होते, “काका, पडवीचं छप्पर इतकं खाली का आणलंय? वाकून यावं लागतं.” उत्तर आले, “अहो, वाकावं लागतं म्हणूनच झड आत येत नाही. वर घेतलं तर निम्मी पडवी चार महिने ओली.” वाकण्याचा त्रास आणि कोरडी पडवी यांतला सौदा त्या घराने जाणून केला होता आणि तो माझ्या कोणत्याही रेखाटनात उमटला नव्हता.

वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशी यांच्या वास्तुशिल्प फाउंडेशनने इंदूरच्या अरण्य वसाहतीचे काम केले, तेव्हा शहरातील गरीब वस्त्यांत माणसे आपली घरे स्वतः कशी वाढवतात याचा बारकाईने अभ्यास झाला होता. १९२७ मध्ये पुण्यात जन्मलेल्या आणि एकत्र कुटुंबात वाढलेल्या दोशींना, कुटुंबाबरोबर घर वाढत जाते ही गोष्ट लहानपणापासून माहीत होती. पण ते त्या आठवणीवर विसंबले नाहीत. सुमारे ६,५०० घरांच्या या वसाहतीत सर्वांत गरीब कुटुंबांना पूर्ण घर न देता जोते, पाणी, शौचालय असा गाभा दिला आणि पुढचे घर त्यांच्या ऐपतीप्रमाणे, ओटे आणि जिने यांच्यासह वाढू दिले. १९९५ मध्ये या कामाला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. प्रेरणा झोपडीतून घ्यावी आणि ती गरिबीचे सुशोभन न होता माणसांच्या कामी यावी, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

जपून ठेवा, पण प्रश्नांनुसार

‘दारे’, ‘खिडक्या’, ‘रंग’ अशा कप्प्यांत साठवलेला संग्रह पुढे कोणी उघडत नाही. ‘उजेड खोलवर नेणे’, ‘ओल रोखणे’, ‘दोन माणसांना एका बाकावर अवघडल्याशिवाय बसवणे’ अशा प्रश्नांखाली पाने लावावीत, म्हणजे अडकित्ता आणि कडी-कोयंडा एकाच पानावर शेजारी येतील आणि त्या शेजारातून काहीतरी सुचेल. वस्तूही जपाव्यात. वास्तुरचनाकार ल कॉर्ब्युझिए यांनी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर उचललेले खेकड्याचे कवच त्यांच्या आरेखनाच्या टेबलावर होते आणि १९५५ मध्ये पूर्ण झालेल्या फ्रान्समधील राँशाँच्या प्रार्थनागृहाचे दुपदरी, आतून पोकळ छप्पर त्यातून सुचल्याचे त्यांनी स्वतः लिहिले आहे. त्या छपराकडे पाहून खेकडा आठवत नाही; पातळ कवच किती भार पेलते, हे मात्र त्यात आहे.

इंटरनेटवरील चित्रसंग्रह वापरू नयेत असे मी म्हणत नाही. त्या चित्रांना माप नसते, दिशा नसते आणि वेळ नसते, एवढे लक्षात ठेवून ती शेवटी, स्वतःची पाने भरल्यानंतर पाहावीत.

ज्यांचे घेतले त्यांचे नाव घ्या

वारली चित्रांतील चौक, म्हणजे चौकोनी चौकटीतले चित्र, हा लग्नाच्या विधीचा भाग आहे. तो उशीच्या अभ्र्यावर छापण्यापूर्वी तो काय आहे हे डहाणू-पालघरच्या चित्रकारांकडून समजून घ्यावे, काम त्यांच्याकडून करून घ्यावे आणि त्यांना दाम व नाव दोन्ही द्यावे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले असूनही जून २०२५ मध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये तशाच चपला मूळ न सांगता दाखवल्या गेल्या, तेव्हा आपल्याला राग आला आणि तो रास्त होता. तोच नियम आपल्या आराखड्यांनाही लावावा. नकाशाच्या कोपऱ्यात, कामाच्या नावाखाली, कोणत्या गावातील कोणत्या घराचा किंवा कोणत्या कारागिराचा हा विचार आहे हे त्यांच्या संमतीने लिहावे.

कागद सोडून पूर्ण मापात करून पाहा

आता वहीतील एक कारण निवडून आपल्या प्रश्नाला लावावे. समजा, दोन खोल्यांच्या सदनिकेत दक्षिणेकडील गॅलरीला पडवीचे काम द्यायचे आहे. गच्चीवर खडूने ती गॅलरी पूर्ण मापात आखावी, कडेची उंची धरून दोन बांबूंवर चादर बांधावी, होकायंत्राने दिशा जुळवावी आणि एक खुर्ची घेऊन साडेबारा वाजता तिथे बसावे. ऊन कुठपर्यंत आले तिथे खडूने रेघ मारावी. मग चादर वीतभर खाली घ्यावी, पुन्हा बसावे, उभे राहून डोके लागते का ते पाहावे आणि दुसरी रेघ मारावी. घरातील सर्वांत उंच आणि सर्वांत वयस्क माणसालाही तिथे बोलवावे. ज्या रेघेवर दोघेही खुर्ची न सरकवता बसून राहतील, ते माप वहीत उतरवून मगच आराखड्याला हात घालावा.